पैसे दिले की कलेची गोडी जाते?

लक्ष्मी आणि सरस्वती एका घरात नांदत नाहीत, असं आपल्याकडे म्हणतातच. हल्ली त्याला मानसशास्त्राचाही दाखला जोडतात: बक्षीस दिलं की चित्र काढायची हौस मरते, हे म्हणे प्रयोगाने सिद्ध झालंय. चित्रकाराचं बिल अडवायला फारच सोयीची सबब.

प्रयोग खरा आहे. १९७३ साली मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी तो अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतल्या मुलांवर केल्याचं प्रसिद्ध केलं. ‘चित्र काढलंस तर प्रमाणपत्र देऊ’ असं ज्यांना आधीच सांगितलं होतं, ती मुलं पुढे मोकळ्या वेळात रंगीत पेनांकडे कमी वळली. तेच प्रमाणपत्र ज्यांच्या हातात अचानक पडलं, त्यांची आवड मात्र घटली नाही. म्हणजे घोळ आधी घातलेल्या अटीचा होता. शिवाय बक्षीस म्हणजे सोनेरी शिक्का आणि रिबीन लावलेला कागद. तीन ते पाच वर्षांच्या त्या पोरांना काही घरभाडं भरायचं नव्हतं!

उपाशी कलावंताचं हुकमी उदाहरण चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉगचं. त्याची चित्रं फारशी विकली गेली नाहीत, हे खरंच. पण भाऊ तेओ वर्षानुवर्षं पैसे पाठवत होता. रंग, कॅनव्हास, जेवण त्यातूनच निघे. १८८४ मध्ये तर व्हिन्सेंटने तेओला सुचवलं, की या पैशांच्या बदल्यात चित्रं तुझी समज. मग ती मदत राहणार नाही, त्याची कमाई ठरेल.