कागद कोणाकडे? अमेरिकेतल्या सबप्राइम गृहकर्जांची पार्श्वभूमी

३१ ऑक्टोबर २००७ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, क्लीव्हलँडच्या फेडरल न्यायालयात न्यायाधीश ख्रिस्तोफर बॉयको यांनी घरजप्तीचे १४ दावे एका आदेशात फेटाळले. दावे डॉइश बँकेचे होते. न्यायाधीशांनी बँकेला एवढंच विचारलं होतं, की दावा लावला त्या दिवशी हे कर्ज तुमच्या मालकीचं होतं याचा कागद दाखवा. बँकेला तो दाखवता आला नाही.

आपल्याकडे गृहकर्ज फेडलेल्या कुणालाही हे ऐकून नवल वाटेल. घराचे मूळ कागद बँकेच्या ताब्यात असतात आणि शेवटचा हप्ता गेला की ते परत आणायला आपण घाईघाईने जातो. क्लीव्हलँडमधली ही कर्जं मात्र देणाऱ्याकडे राहिलीच नव्हती. एकाने दिलं, दुसऱ्याने विकत घेतलं, तिसऱ्याने हजारो कर्जांचा गठ्ठा बांधून एका ट्रस्टमध्ये घातलं, आणि डॉइश बँक होती त्या ट्रस्टची फक्त विश्वस्त. घरात राहणाऱ्या माणसाला आपण नक्की कोणाचं देणं लागतो हे ठाऊक नव्हतं. त्याचं घर मागायला आलेल्यालाही ते सिद्ध करता येत नव्हतं.

‘ऐपत नसलेल्या गरिबांना घरं घ्यायला कर्जं दिली, ती बुडाली, म्हणून २००८चं आर्थिक संकट आलं’ हे वाक्य सबप्राइम, म्हणजे कमी पतीच्या माणसाला जास्त व्याजाने दिलेल्या, कर्जांबद्दल आपल्याकडेही अनेकदा ऐकू येतं. माझ्या मते ते चुकीचं आहे, आणि ज्यांची घरं गेली त्यांच्यावर अन्याय करणारं आहे. कर्ज फिटेल की नाही याची चिंता करण्याचं कारण कर्ज देणाऱ्याला उरलं नाही, तिथून हे सगळं बिघडलं. कशामुळे ते उरलं नाही, हे पाहायला बरंच मागे जावं लागतं.

१९३०च्या आधी अमेरिकेत घरासाठी कर्ज मिळायचं ते थोड्या वर्षांचं. निम्मी रक्कम आधी भरायची, मुदतभर बहुतेक व्याजच द्यायचं आणि शेवटी मुद्दल एकरकमी. महामंदीत ही पद्धत कोसळली. मग १९३३मध्ये सरकारने संकटातली गृहकर्जं सोडवायला ‘होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन’ काढलं आणि १९३४मध्ये ‘फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’, म्हणजे एफएचए. एफएचए स्वतः कर्ज देत नसे. बँकेने दिलेल्या कर्जाचा ती विमा उतरवत असे. समान हप्त्यांत हळूहळू फिटणारं दीर्घ मुदतीचं गृहकर्ज रूढ झालं ते या विम्यामुळे.

पण हा विमा सगळ्यांसाठी नव्हता. होम ओनर्स लोन कॉर्पोरेशनने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे बनवले होते. उत्तम वस्ती हिरवी, त्याखालची निळी, उतरणीला लागलेली पिवळी आणि ‘धोकादायक’ ती लाल. सोबतच्या तक्त्यांत वस्तीत कृष्णवर्णीय किती टक्के आहेत याची नोंद असे. ‘रेडलायनिंग’, म्हणजे वस्ती पाहून कर्ज नाकारणं, हा शब्द या लाल रंगाची आठवण देतो. मात्र नकाशांपेक्षा एफएचएच्या नियमांनी जास्त नुकसान केलं, असं मला वाटतं. १९३८च्या नियमपुस्तकात, वस्तीत दुसऱ्या वंशाच्या लोकांना घर विकता येणार नाही अशी अट खरेदीखतात घालण्याची शिफारसच होती.

याचा एक पुरावा डेट्रॉइटमध्ये आजही उभा आहे. १९४१मध्ये तिथे एका विकासकाला गोऱ्या लोकांसाठी वसाहत बांधायची होती, पण शेजारी कृष्णवर्णीयांची वस्ती असल्याने एफएचए विमा देईना. तेव्हा त्याने दोन वस्त्यांच्या मधोमध सुमारे अर्धा मैल लांब, सहा फूट उंच आणि एक फूट जाड काँक्रीटची भिंत घातली. विमा मंजूर झाला. रहिवाशांनी पुढे त्या भिंतीच्या एका भागावर चित्रं रंगवली आहेत.

बँकेचं दार बंद असलं तरी डोक्यावर छप्पर लागतंच. शिकागोत १९५० आणि ६०च्या दशकांत बहुतेक कृष्णवर्णीय कुटुंबांनी घरं घेतली ती ‘काँट्रॅक्ट’वर. एखादा सटोडिया गोऱ्या मालकाला घाबरवून त्याचं घर स्वस्तात घ्यायचा आणि कृष्णवर्णीय कुटुंबाला बऱ्याच चढ्या भावाने हप्त्यांवर द्यायचा. शेवटचा हप्ता भरेपर्यंत घर विकणाऱ्याच्याच नावावर. एक हप्ता चुकला की कुटुंब बाहेर, आणि तोवर भरलेला पैसा बुडाला. मग तेच घर पुढच्या कुटुंबाला. १९६८मध्ये लॉनडेल भागातल्या अशा कुटुंबांनी ‘काँट्रॅक्ट बायर्स लीग’ स्थापली आणि पुढे हप्ते भरणंच थांबवलं.

त्याच वर्षी घरविक्रीतला वंशभेद बेकायदा ठरला आणि गरिबांना घर घेता यावं म्हणून ‘कलम २३५’ची योजनाही आली. हेतू चांगला होता. दोनशे डॉलर इतक्या कमी पैशांत घर ताब्यात, व्याजाचा मोठा वाटा सरकारचा आणि कर्जाला एफएचएचा पूर्ण विमा. डेट्रॉइटमध्ये सटोडियांनी मोडकळीला आलेली घरं उचलली, वरवर रंग मारला, मूल्यमापन करणाऱ्यांचे हात ओले केले आणि ती घरं गरीब कुटुंबांच्या गळ्यात मारली. पहिल्याच हिवाळ्यात बॉयलर बंद पडला की दुरुस्तीचे पैसे कुठून आणायचे? कुटुंब घर सोडून जायचं. कर्ज देणारी कंपनी सरकारकडून पूर्ण पैसे वसूल करायची, आणि सरकारच्या गळ्यात हजारो रिकामी घरं पडायची. जानेवारी १९७३मध्ये निक्सन सरकारने अशा अनुदान योजना थांबवल्या. देणाऱ्याच्या खिशाला झळ लागणार नसेल तर तो काय करतो, हे तीस वर्षं आधीच डोळ्यांसमोर घडलं होतं. तेव्हा झळ सरकारी विम्याने टाळली होती. पुढच्या खेपेला ती रोख्यांनी टाळली.

गृहकर्जांचा गठ्ठा बांधून त्यावर रोखे काढण्याची सुरुवात १९७०मध्ये ‘जिनी मे’ या सरकारी संस्थेने केली. कल्पना वाईट नव्हती. हप्त्यांचे पैसे गुंतवणूकदाराकडे जातात आणि बँकेला नवी कर्जं द्यायला पैसा मोकळा होतो. १९८०च्या दशकात वॉल स्ट्रीटने यातून मोठा धंदा उभा केला. दरम्यान दोन कायदे गाजावाजा न होता झाले. १९८०च्या कायद्याने गृहकर्जावरच्या व्याजाला राज्यांनी घातलेली कमाल मर्यादा काढली. १९८२च्या कायद्याने बदलत्या व्याजाची आणि शेवटी मोठी रक्कम भरण्याची कर्जं मोकळी केली. ज्याची पत कमी त्याला नकार देण्याऐवजी जास्त व्याजाने कर्ज देणं आता शक्य झालं. सबप्राइमचा जन्म इथला. पुढे १९८६च्या करसुधारणेने इतर वैयक्तिक कर्जांच्या व्याजावरची वजावट काढून फक्त घराच्या कर्जावरची ठेवली. त्यामुळे गाडीचं, क्रेडिट कार्डाचं देणं घरावर टाकण्याकडे लोकांचा कल वाढला.

१९९०च्या दशकातली बरीचशी सबप्राइम कर्जं पहिलं घर घेण्यासाठी नव्हतीच. जुनं कर्ज मोडून नवं, मोठं कर्ज देणं हाच मुख्य धंदा होता. ज्या लाल वस्त्यांना बँकांनी दशकानुदशकं कर्ज नाकारलं होतं, तिथे आता वयस्क लोकांची जवळजवळ फिटलेली घरं होती आणि बँकेची शाखा नव्हती. छप्पर दुरुस्तीचा प्रस्ताव घेऊन माणूस दाराशी यायचा आणि सोबत कर्जाचे कागदही आणायचा. प्रत्येक नव्या कर्जात हजारो डॉलरचं शुल्क मुद्दलात मिसळलं जायचं. आधी दार बंद ठेवून आणि मग दाराशी येऊन, त्याच घरांची दोनदा लूट झाली.

अमेरिकी संसदेने १९९४मध्येच फेडरल रिझर्व्हला, म्हणजे ‘फेड’ या देशाच्या मध्यवर्ती बँकेला, अन्यायकारक कर्जव्यवहार रोखण्याचे अधिकार दिले होते. फेडच्या संचालक मंडळावरचे एडवर्ड ग्रॅमलिक यांनी अध्यक्ष अ‍ॅलन ग्रीनस्पॅन यांना २०००च्या सुमारास सुचवलं होतं, की अशा कर्जकंपन्यांची तपासणी करूया. ते झालं नाही. त्या अधिकारांखाली सर्वसमावेशक नियम आले जुलै २००८मध्ये. ग्रॅमलिक त्याआधी, सप्टेंबर २००७मध्येच वारले होते.

२००१पासून फेडने व्याजदर उतरवत नेले आणि जून २००३मध्ये ते १ टक्क्यावर आणले. घरांचे भाव चढत होते आणि जगभरचा पैसा जरा बरं व्याज देणारा सुरक्षित रोखा शोधत होता. या काळातलं ठरावीक सबप्राइम कर्ज म्हणजे ‘२/२८’. तीस वर्षांचं कर्ज, त्यात पहिली दोन वर्षं व्याज ठरलेलं आणि उरलेली अठ्ठावीस वर्षं बाजाराप्रमाणे. त्याचा हिशेब एकदा मांडूनच पाहावा. १ लाख डॉलरचं कर्ज, सुरुवातीला साडेसात टक्के, हप्ता सुमारे ७०० डॉलर. दोन वर्षांनी मुद्दल उरलं जेमतेम २ हजारांनी कमी. आता दर साडेदहा टक्के झाला की हप्ता ९०० डॉलरच्या वर जातो. मालमत्ता कर आणि घराचा विमा अनेकदा या हप्त्यात धरलेलाच नसे, त्याचं बिल वेगळं यायचं. मुदतीआधी कर्ज बंद करायचं तर बहुधा दंड. हे कर्ज चालायचं ते एकाच भरवशावर, की दोन वर्षांत घराचा भाव वाढेल आणि त्यावर पुन्हा नवं कर्ज काढता येईल. म्हणजे भाव नुसते टिकून पुरत नव्हतं, ते चढतच राहायला हवे होते.

गिऱ्हाईक आणायचा दलाल. कर्जदार जितक्या व्याजाला पात्र आहे त्याहून जास्त व्याजाचं कर्ज त्याच्या माथी मारलं, तर कर्जकंपनी दलालाला जादा दलाली देई. स्वस्त कर्ज मिळू शकलं असतं अशांनाही महाग कर्ज मिळालं, त्याचं हे एक कारण. उत्पन्नाचा पुरावा न मागता ‘सांगितलेलं उत्पन्न’ लिहून घेण्याची सोय होती. तो आकडा पुष्कळदा दलालच भरायचा. २००६पर्यंत सबप्राइम कर्जांची वर्षाची उलाढाल ६०० अब्ज डॉलरच्या घरात गेली. त्या वर्षीच्या एकूण गृहकर्जांचा तो सुमारे पाचवा हिस्सा होता.

या गठ्ठ्यांवर उत्तम पतीचा शिक्का मारला पतमानांकन संस्थांनी, आणि त्याचं शुल्क द्यायचे रोखे काढणारेच. एकट्या मूडीजने २००० ते २००७ या काळात गृहकर्जांवरच्या सुमारे ४५ हजार रोख्यांना सर्वोच्च मानांकन दिलं.

कुणाच्याच लक्षात आलं नाही असं मात्र म्हणता येणार नाही. नॉर्थ कॅरोलायनाने १९९९मध्येच लुटारू कर्जांविरुद्ध कायदा केला. जॉर्जियाने २००२मध्ये आणखी कडक केला आणि मुख्य म्हणजे कर्ज विकत घेणाऱ्यालाही जबाबदार धरलं. दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. लगेच स्टँडर्ड अँड पुअर्स या पतमानांकन संस्थेने सांगितलं, की या कायद्याखालच्या कर्जांच्या रोख्यांना मानांकन देणार नाही. काही महिन्यांत जॉर्जियाला कायदा सौम्य करावा लागला. क्लीव्हलँड शहराने २००२मध्ये स्वतःचा नियम केला, तो २००६मध्ये ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला. जानेवारी २००४मध्ये केंद्रीय परवान्यावर चालणाऱ्या ‘नॅशनल’ बँकांच्या नियामकाने तर जाहीरच केलं, की राज्यांचे असे कायदे या बँकांना लागू होत नाहीत. हा सगळा भाग वाचताना मला सर्वांत जास्त चीड येते. घरं वाचवण्याची धडपड खालून होत होती आणि वरून ती मोडून काढली जात होती.

नंतरचा क्रम बहुतेकांना माहीत आहे. व्याजदर १७ वेळा वाढून जून २००६मध्ये सव्वापाच टक्क्यांवर पोचले आणि भाव थांबले. एप्रिल २००७मध्ये न्यू सेंच्युरी ही बडी सबप्राइम कंपनी दिवाळखोरीत गेली. १५ सप्टेंबर २००८ला लेहमन ब्रदर्स ही वॉल स्ट्रीटवरची गुंतवणूक बँक बुडाली.

मग दोष कोणाचा यावर वाद झाला. गरीब वस्त्यांनाही कर्ज द्या असं बँकांना सांगणाऱ्या १९७७च्या कायद्यावर खापर फोडलं गेलं. या संकटाची चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगाने २०११मध्ये सांगितलं, की महाग व्याजाच्या कर्जांपैकी फक्त ६ टक्के कर्जांचा त्या कायद्याशी काही संबंध होता. सबप्राइमच्या कितीतरी बड्या कंपन्यांना तर तो लागूच नव्हता. डिसेंबर २०११मध्ये कंट्रीवाइड या बड्या गृहकर्ज कंपनीवरचा वंशभेदाचा आरोप ३३.५ कोटी डॉलर देऊन मिटवला गेला. दोन लाखांहून अधिक कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक कर्जदारांना तशाच पतीच्या गोऱ्यांपेक्षा महाग कर्ज दिल्याचा तो आरोप होता.

भारतात ‘टीझर लोन’, म्हणजे सुरुवातीला कमी आणि नंतर वाढणाऱ्या व्याजाचं कर्ज, हा शब्द ऐकू आला तो याच सुमारास. २००९मध्ये देशातल्या सर्वांत मोठ्या सरकारी बँकेने पहिल्या वर्षी ८ टक्के व्याजाचं गृहकर्ज आणलं आणि इतरही मागे लागले. रिझर्व्ह बँकेने २०१०च्या अखेरीस अशा कर्जांसाठी बँकांना बाजूला ठेवायची तरतूद ०.४ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर नेली. कर्ज देणाऱ्याच्याच खिशाला आधी झळ लावण्याचा हा मार्ग होता, आणि तो मला योग्य वाटतो.

क्लीव्हलँडमधला स्लाविक व्हिलेज हा भाग चेक आणि पोलिश पोलादकामगारांनी वसवलेला. लाकडी घरांची दाट वस्ती, मध्ये सेंट स्टॅनिस्लॉस चर्च. २००७मध्ये अमेरिकेतल्या सर्वाधिक जप्त्यांच्या पिनकोडांत त्याचा पिनकोड होता. कुटुंब बाहेर पडलं की चोर आत शिरायचे आणि तांब्याचे नळ उपटून न्यायचे. मग बाहेरच्या भिंतींवरचे अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे जायचे. उघडं पडलेलं लाकूड पावसात आणि बर्फात सडत राहायचं. घर आहे तिथेच, पण त्याचा मालक शोधायचा तर न्यूयॉर्कच्या एखाद्या ट्रस्टपर्यंत जावं लागायचं.

क्लीव्हलँडच्या काउंटीचे, म्हणजे जिल्ह्याचे, खजिनदार जिम रोकाकिस अनेक वर्षं या कर्जांविरुद्ध आवाज उठवत होते. त्यांच्या पुढाकाराने २००९मध्ये काउंटीची ‘लँड बँक’ उभी राहिली. बेवारस घरं ताब्यात घेणं, वाचण्यासारखी असतील ती दुरुस्त करणं आणि उरलेली पाडणं हे तिचं काम. तिने पाडलेल्या घरांची संख्या हजारांत आहे. मोकळ्या झालेल्या जागा काही ठिकाणी शेजारच्या घरमालकांना अंगण म्हणून दिल्या जातात, आणि या वेळी खरेदीखत त्यांच्या नावावर होतं.