सायकल हळू चालवली की जास्त का पडते?

सुट्टी लागली की रंकाळ्याच्या कडेला सकाळी हे हमखास बघायला मिळतं. पुढं सायकलवर पोरगी, मागं सीट धरून पळणारा बाप, बाप ओरडतोय "हळू, हळू चालव", पोरगी ओरडतीय "पप्पा सोडू नको, मी पडतोय". ह्यातला "हळू" हा सल्ला नेमका उलटा आहे, आणि तो का उलटा आहे ते सांगायलाच पाहिजे कारण सायकल उभी कशी राहते ह्याच्याइतका सुंदर प्रश्न रोजच्या जगण्यात दुसरा नाही असं मला मनापासून वाटतं.

बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं, चाकं फिरतात, फिरणारा भोवरा पडत नाही, म्हणून सायकल पडत नाही. तसा परिणाम असतो हे खरं, पण लहान पोरांच्या सायकलचं चाक हलकं आणि वेग कमी, त्यामुळं तो फार तोकडा पडतो. १९७० साली डेव्हिड जोन्स नावाच्या ब्रिटिश केमिस्टनं पुढच्या चाकाशेजारी उलटं फिरणारं आणखी एक चाक बसवून तो परिणाम जवळजवळ मारूनच टाकला, तरी सायकल मजेत चालवता आली. मग २०११ साली अमेरिका आणि नेदरलँडच्या संशोधकांनी 'सायन्स' मासिकात दाखवलं की भोवऱ्याचा परिणाम काढला आणि पुढचं चाक हँडलच्या दांड्याच्या रेघेच्या थोडं मागं जमिनीला टेकतं ती ठेवणसुद्धा काढली, तरी सायकलचं वजन पुढं-मागं नीट विभागलेलं असेल तर सायकल माणसाशिवाय स्वतःला सावरते.

मग सावरते कशी? तळहातावर काठी उभी धरलीय असं समजा, काठी उजवीकडं कलली की आपण हात उजवीकडंच नेतो, म्हणजे बूड परत वजनाखाली येतं. सायकलचंही तेच. उजवीकडं कलली की हँडल उजवीकडं वळलं पाहिजे, मग चाकं अंगाखाली येतात. आता इथं वेग महत्त्वाचा. वळताना शरीराला बाहेर ढकलल्यासारखा जो जोर जाणवतो, तोच कललेल्या सायकलला उचलतो, आणि तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे वेग तिप्पट तर जोर नऊपट. हँडल असं वळवलंय की सायकल ५ मीटर त्रिज्येच्या गोलात फिरेल असं धरा. सेकंदाला ३ मीटर, म्हणजे तासाला साधारण ११ किलोमीटर वेग असेल तर v²/gr काढा (v म्हणजे वेग, g म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा ९.८, r म्हणजे त्रिज्या), ९ भागिले ४९, येतं ०.१८, म्हणजे जवळपास १० अंश कललेली सायकल तेवढ्या वळणानं तोलली जाते. वेग सेकंदाला १ मीटर केला की तेच हँडल फक्त १ अंशाच्या आसपास सांभाळतं. म्हणून हळू चालवणारं पोर हँडल इकडून तिकडं भराभर मारत असतं, त्याला बॅलन्स कमी आहे असं नाही, त्याला वेग कमी पडतोय.

ह्याच्यातनंच आणखी एक गोष्ट निघते. उजवीकडं वळायचं तर आधी उजवीकडं कलावं लागतं, आणि कलायला चाकं क्षणभर डावीकडं जावी लागतात, म्हणजे हँडल आधी किंचित डावीकडं! विमानवाल्या राईट बंधूंपैकी विल्बरला हे ठाऊक होतं, त्यांचं सायकलचंच दुकान होतं. आपण सगळे हे करतो, पण करतोय हे कळत नाही.

बाजूची ती दोन छोटी चाकं ह्याच्या मुळावर येतात, कारण सायकल कलूच देत नाहीत, आणि कलणं हाच तर सगळा अभ्यास. १८१७ साली जर्मनीत कार्ल फॉन द्राइसनं जी दुचाकी केली तिला पायडलच नव्हतं, पायानं जमीन ढकलत जायचं. पोरांना आधी तसंच द्या. त्यासाठी 'ब्रेन डेव्हलपमेंट'च्या नावाखाली विकली जाणारी महागडी सायकल नको, आहे तिचीच पायडलं काढा (डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, तिथं जोर लावून बिघडवू नका) आणि सीट दोन्ही तळवे टेकतील इतकी खाली घ्या. नवी सायकल अंबाबाईच्या दारात नेऊन हार घाला, छानच आहे, पण हँडलला लिंबू-मिरची बांधून पडणं टळत नाही, आणि तो दोरा ब्रेकच्या लिव्हरमध्ये अडकायची भीती. त्यापेक्षा पोराची बोटं लिव्हरपर्यंत पोचतात का ते बघा.

पहिल्यांदा खरी राईड काढताना गाड्या नसलेला, सपाट, सरळ रस्ता बघा. हँडल धरू नका, कारण तुम्ही ते धरलं की सावरायचं कामच थांबतं, काखेत किंवा खांद्याला हलका हात ठेवून पळा आणि "पळव" म्हणा. मुरमाच्या मैदानावर मात्र पहिलं वळण नको, वळताना टायरला बाजूनं धरून ठेवणारं घर्षण तिथं फार कमी असतं, आणि कललेली सायकल चाकाखालनंच निसटते.