फोकलेलं बी आणि रेडिओची लहर

‘ब्रॉडकास्ट’ म्हटलं की आज डोळ्यांपुढे स्टुडिओ येतो, पण हे इंग्रजी क्रियापद मुळात शेतातलं. ‘ब्रॉड’ म्हणजे रुंद आणि ‘कास्ट’ म्हणजे टाकणं. यातला ‘कास्ट’ जुन्या नॉर्स भाषेतून इंग्लंडात आला. अठराव्या शतकात तिथला शेतकरी मुठीतलं बी हात फिरवत रानभर टाकायचा, त्या पेरणीसाठी हा शब्द वापरात होता. आपण याला बी फोकणं म्हणतो. मेथी-कोथिंबिरीचे वाफे आजही असेच फोकतात.

फोकलेलं बी सगळीकडे सारखं पडत नाही, आणि इथे गणित फार सुंदर आहे. वाफ्यावर 100 सारखे चौकोन आखा आणि 100 बिया नेम न धरता त्यांत टाका. दर चौकोनात एकेक बी पडेल असं वाटतं ना? प्रत्यक्षात सरासरी 37 चौकोन रिकामे राहतात आणि 26 चौकोनांत दोन किंवा जास्त बिया पडतात. आधीची बी कुठे पडली याचा पुढच्या बीशी काही संबंधच नसतो, म्हणून असं होतं. सराईत हाताने फरक पडतो, तरी दाटी आणि मोकळ्या जागा पूर्ण टळत नाहीत. इंग्लंडात जेथ्रो टल याने 1701 च्या सुमारास ओळीत पेरणारं यंत्र केलं ते यासाठीच. आपल्या तिफणीचंही तेच काम: चाड्यावर, म्हणजे तिच्या वरच्या वाडग्यावर, मूठ धरली की बी नळ्यांतून थेट तासात, म्हणजे फणाने पाडलेल्या ओळीत.

रेडिओची गोष्ट नेमकी उलटी. सुरुवातीला बिनतारी संदेश एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी धाडायचा असे; तो तिसऱ्याच कुणाला ऐकू जाणं हा दोष मानला जाई. 1920 च्या दशकात तोच दोष कामी आला आणि पेरणीचा शब्द रेडिओने उचलला. पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्राने 2 नोव्हेंबर 1920 रोजी अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल सांगितले, 1922 मध्ये बीबीसी आली, आणि 23 जुलै 1927 रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र सुरू झालं.

मोकळ्या अवकाशात अंतर दुप्पट झालं की लहरीची तीव्रता चौथाईवर येते. तरीही एका घरात रेडिओ लावला म्हणून शेजारच्या घरातला आवाज कमी होत नाही, कारण अँटेना लहरीतली अगदी नगण्य ऊर्जा घेते. बियांचं तसं नाही. पाखराने टिपलेलं बी शेतातून गेलंच.