परातीतली फेरीबोट

दोन वर्षांच्या मुलासमोर दोन कोरडे कप ठेवायचे. रिकाम्या बाटलीतून दोन्हीत खोटा-खोटा चहा ओतायचा. मग एक कप उलटा करून झटकायचा, पुन्हा सुलटा ठेवायचा आणि विचारायचे, ‘रिकामा कप कुठला?’ रिकामे तर दोन्हीही. तरी मूल झटकलेल्या कपाकडेच बोट दाखवते. मानसशास्त्रज्ञ ॲलन लेस्ली यांच्या मते मुलाच्या डोक्यात अशा वेळी दोन नोंदी असतात, एक खऱ्याची आणि दुसरी मानलेल्याची. दुसरी पहिलीला पुसत नाही. म्हणूनच पोटभर खोटा चहा पिऊन झाला की तेच मूल स्वयंपाकघरात येऊन खरे दूध मागते.

लाकडी माणसे, प्लास्टिकच्या गायी, मातीचे बैल घेऊन मांडलेला खेळ याच क्षमतेवर उभा असतो, पण तो चहापेक्षा अवघड. साधारण सव्वा वर्षाचे मूल रिकामा कप स्वतःच्या तोंडाला लावते. पुढे ते बाहुलीला भरवू लागते, पण बाहुली नुसती भरवून घेते. दोन वर्षांच्या पुढेमागे बाहुली ‘स्वतः’ कप उचलते, ‘नको’ म्हणते, रुसते. लाकडाच्या तुकड्याला आता इच्छा आहे! महिन्यांचा हिशेब प्रत्येक घरी थोडा वेगळा असतो, क्रम मात्र बहुधा हाच.

मोठ्यांना सहज वाटणारी एक गोष्ट मुलांना जड जाते, ती म्हणजे छोटी वस्तू मोठ्या वस्तूची खूण आहे हे ओळखणे. ज्युडी डीलोश यांनी १९८७ साली खोलीची छोटी प्रतिकृती केली, तिच्यात मुलांच्या डोळ्यांदेखत एक इवले खेळणे लपवले आणि तसलेच मोठे खेळणे खऱ्या खोलीत त्याच जागी शोधायला सांगितले. तीन वर्षांच्या मुलांनी बहुतेक वेळा ते शोधले. अडीच वर्षांची मुले गोंधळली. गंमत अशी, की प्रतिकृतीशी आधी खेळू दिले तर तीन वर्षांच्यांचेही चुकू लागले, कारण ती खूण न राहता खेळणे झाली. तेव्हा पाण्याच्या परातीत डबीचे झाकण सोडून ‘ही बघ आपली बेतीची फेरी’ (गोव्यात पणजीहून बेतीला जाणारी बोट) असे म्हटले आणि अडीच वर्षांच्या मुलाला ते समजले नाही, तर त्यात त्याचे काही चुकले नाही. त्याला परातीत तरंगणारे झाकण दिसते, आणि खेळायला तेवढे पुरते.

खेळणी निवडताना आधी माप बघावे. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी सुट्या भागांची चाचणी ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात करतात. त्यात पूर्ण मावणारी वस्तू घशात अडकू शकते. घरी टिश्यू रोलची पुठ्ठ्याची नळी वापरावी. ती थोडी रुंद असल्याने चूक झालीच तर सुरक्षित बाजूला होते. गोल डोके, बारीक मान आणि हातपाय नसलेले नळीसारखे अंग असलेल्या बाहुल्यांना मानकांत वेगळी चाचणी आहे, कारण गोल डोके घशात बुचासारखे बसते. या वयाला ८ ते १० सेंटिमीटर उंचीची, नळीत न शिरणारी रुंद माणसे घ्यावीत. भारतात २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे, ते बघावे. बटण सेल असलेले खेळणे नकोच. गिळलेला सेल दोन तासांत अन्ननलिका जाळू शकतो.

अंगणातल्या बियांबद्दल गोव्यात वेगळे सांगायला हवे. कच्च्या काजूबीच्या सालीतल्या तेलाने कातडी भाजते. गुंजा आणि पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्या विषारी असतात. खेळातल्या बाजारात ‘माल’ म्हणून करवंट्या, लाकडी ठोकळे, कापडाच्या पुरचुंड्या ठेवाव्यात.

खेळणी किती? चार पुरेत. अमेरिकेतल्या एका अभ्यासात (२०१८) लहान मुलांपुढे एकदा चार आणि एकदा सोळा खेळणी ठेवली. चारच असताना मुले प्रत्येक खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. बाकीची डब्यात झाकून ठेवावीत आणि आठवड्याने बदलावीत.

आता मांडणी. मुलाने अनेकदा पाहिलेला प्रसंग घ्यावा. रायबंदरहून चोडणला जाणारी फेरी त्यासाठी छान, कारण तिचा क्रम पक्का असतो. वाट बघायची, रॅम्प खाली येतो, गाड्या चढतात, माणसे चढतात, पलीकडे सगळे उतरतात. दीडेक फूट रुंदीच्या परातीत दोन सेंटिमीटर पाणी घ्यावे. समोरासमोर दोन उपड्या वाट्या म्हणजे दोन धक्के. बोट म्हणून साबणाच्या डबीचे पसरट झाकण, रॅम्प म्हणून आइस्क्रीमची काडी. माणसे झाकणावर कलंडली तर बहुधा ती उंच आणि बुडाशी अरुंद असतात. बुडाला मळलेल्या मातीची चकती लावली की वजन खाली येते. तरीही बोट उलटत असेल तर प्रवासी एका कडेला दाटले आहेत, आणि हे मुलाला स्वतःच सापडू द्यावे. पाणी कितीही कमी असले तरी मोठ्यांनी मुलाला एकटे सोडून उठून जायचे नाही. कुंकळ्ळीच्या चिताऱ्यांची लाखेने रंगवलेली लाकडी खेळणी घरात असतील तर पाण्याऐवजी निळी साडी अंथरावी, नाहीतर लाकूड फुगून रंगाचे पोपडे निघतात.

मांडून झाल्यावर मोठ्यांचे चुकते ते बोलण्यात. ‘हा रंग कुठला? बोटीत किती माणसं? गाय कशी ओरडते?’ ही तोंडी परीक्षा झाली. अशा प्रश्नाने मूल मानलेल्या जगातून खऱ्यात ओढले जाते आणि दोन-तीन प्रश्नांत उठून जाते. त्याऐवजी जमिनीवर बसून एकच माणूस हातात घ्यावा आणि त्याच्या आवाजात बोलावे. खलाशी कोकणीतून ‘रावात, रावात!’ (थांबा, थांबा!) म्हणेल, आजी मराठीतून, ‘अगो बाई, माझी पिशवी काठावरच राहिली!’ आणि मग गप्प. मनात पाचापर्यंत मोजावे. पिशवीचे काय करायचे ते मूल ठरवते. ते म्हणेल, पिशवी मगरीने खाल्ली. खाल्ली तर खाल्ली! काही न करता त्याने बोट दहा वेळा अलीकडे-पलीकडे नेली तरी नवे काही सुचवू नये. क्रम अंगवळणी पडला की बदल तेच करते.

अगदी लहान मुलांना ‘हे खोटं आहे’ ही सूचना लागते. दीड वर्षाच्या मुलांसमोर खोटा खाऊ खाणाऱ्या आया खरा खाऊ खाताना हसतात त्याहून जास्त हसतात, मुलाकडे जास्त वेळ बघतात आणि खाण्याचे मचमच आवाज जास्त करतात, असे अँजेलिन लिलार्ड यांच्या अभ्यासात दिसले. बॅटरीवर बोलणारे खेळणे हे करू शकत नाही. उलट २०१६ च्या एका अभ्यासात अशा खेळण्यांशी खेळताना आईबाप साध्या खेळण्यांच्या वेळेपेक्षा कमी बोलले.

कधी मानलेलेच अंगावर येते. पॉल हॅरिस यांच्या १९९१ सालच्या प्रयोगात मुलांना रिकाम्या खोक्यात राक्षस असल्याची कल्पना करायला सांगितले. तो खरा नाही हे मुले सांगत होती, तरी चार वर्षांच्या काहींनी मोठ्या माणसाला खोलीबाहेर जाऊ दिले नाही. आपल्याकडे गोव्यात दिवाळीच्या आदल्या रात्री उभारून पहाटे जाळतात तो नरकासुराचा पुतळा पाहिलेले मूल पुढे आठवडाभर त्याला परातीतही उभा करते. त्याला ‘खोटा आहे तो, घाबरतोस काय’ म्हणून उपयोग नसतो, कारण ते त्याला ठाऊकच असते. खेळातूनच उपाय द्यावा. नरकासुराला बोटीत जागा नाही, किंवा त्याला पोहता येत नाही. काही मुले त्याला रोज जाळतात. जाळू द्यावे, अर्थात काडेपेटीशिवाय.

या खेळाने मूल हुशार होते, असे जाहिराती सांगतात. लिलार्ड आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये सगळे पुरावे तपासले, तेव्हा बुद्धी किंवा सर्जनशीलता वाढण्याचा ठाम आधार मिळाला नाही. भाषा आणि गोष्ट रचण्याच्या बाबतीत तो अनेक वाटांपैकी एक असू शकतो, एवढेच. कार्डिफ विद्यापीठाच्या २०२० च्या अभ्यासात बाहुल्यांशी एकट्याने खेळतानाही, इतरांचे मन ओळखताना वापरला जाणारा मेंदूचा भाग जागा झालेला दिसला. पण त्यात मुले होती ३३ आणि पैसा होता बाहुल्या विकणाऱ्या कंपनीचा. तो वाचताना या दोन्ही गोष्टी लक्षात असाव्यात.

वीसेक मिनिटांनी मुलाचे लक्ष उडाले की पाणी लगेच ओतून टाकावे, साठले तर डास होतात. पावसाळ्यात साधी लाकडी माणसे पुसून पंख्याखाली आडवी ठेवावीत. ओली डब्यात गेली की चार दिवसांत त्यांच्यावर पांढरी बुरशी धरते.