जॉयस्टिकला जोर लागत नाही

वाळवा तालुक्यातील एका क्षारपड रानात निचऱ्याचे पाइप पुरून झाल्यावर चर बुजवण्याचे काम चालले होते. जेसीबीवर अनेक वर्षे काढलेला एक ऑपरेटर त्या दिवशी चाकांऐवजी रबरी पट्ट्यांवर चालणाऱ्या नव्या लोडरवर प्रथमच बसला होता. त्याने सवयीप्रमाणे डावी जॉयस्टिक रेटून पुढे लोटली आणि मशिनने असा हिसका दिला की बकेटमधली निम्मी माती चराऐवजी बांधावर सांडली. त्याच्या हाताचे वर्षानुवर्षांचे कसबच त्या क्षणी आड आले होते.

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा ब्लेझ पास्कल यांनी सतराव्या शतकात मांडलेला नियम या यंत्राच्या मुळाशी आहे. लोडरमधील तेलाचा दाब २०० बारच्या वर जाऊ शकतो, म्हणजेच दर चौरस सेंटिमीटरवर २०० किलोंहून अधिक भार येतो. त्यामुळे जेमतेम ६.३ सेंटिमीटर व्यासाच्या सिलिंडरमधील दट्ट्याही सहा टनांहून अधिक रेटा देतो. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यायला हवी, कारण शिकण्यातील बहुतेक अडचण तिच्यातच आहे. पंप तेलाचा प्रवाह देतो, दाब समोरच्या ओझ्यानुसार चढतो आणि हालचालीचा वेग प्रवाहावर ठरतो. जॉयस्टिक किती कलली यावरून व्हॉल्व्ह किती उघडायचा एवढेच ठरते. म्हणून ती जोरात रेटली तर ताकद वाढत नाही, वेग वाढतो.

जुन्या यंत्रांत लिव्हर दांड्यांनी थेट व्हॉल्व्हला जोडलेले असत, त्यामुळे व्हॉल्व्हचा अडखळा आणि थरथर हाताला कळत असे. नव्या यंत्रात जॉयस्टिक कमी दाबाच्या तेलाची बारीक धार किंवा विजेचा संकेत पाठवते आणि हाताला लागते ती फक्त स्प्रिंग. शिवाय स्टिअरिंग नाही. प्रत्येक पट्ट्याला तेलाच्या दाबावर फिरणारी स्वतंत्र हायड्रॉलिक मोटर असते; दोन्ही पट्ट्यांच्या वेगातील फरकाने मशिन वळते आणि पट्टे उलटसुलट फिरले तर जागच्या जागी गरकन फिरते.

आपला लहान मेंदू प्रत्येक हालचालीचा परिणाम आधीच अंदाजतो आणि प्रत्यक्षात पडलेल्या फरकावरून तो अंदाज सुधारत जातो. जेसीबीवर पक्का झालेला अंदाज येथे चुकतो, तो पुन्हा बसायला वेळ लागतो. मधल्या काळात एक दुष्टचक्र हमखास सुरू होते: मशिन हबकते, त्यासरशी ऑपरेटरचे अंग पुढे जाते, अंगाबरोबर हात हलतो, हाताबरोबर जॉयस्टिक हलते आणि मशिन पुन्हा हबकते. त्यावर माझ्या मते सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे कोपरापासूनचा हात आर्मरेस्टवर टेकवून केवळ मनगट हलवणे. काही यंत्रांत जॉयस्टिकचा प्रतिसाद मंद ठेवण्याची सोयही असते; पहिले काही दिवस ती वापरण्यात कमीपणा मानू नये. थंडीत पहाटे तेल घट्ट असते, तेव्हा तेच यंत्र आळसावल्यासारखे वागते, म्हणून ते आधी थोडे गरम होऊ द्यावे.

जमिनीचे गणितही बदलते. साडेचार टनांचे यंत्र ४० सेंटिमीटर रुंद आणि जमिनीला दीड मीटर टेकणाऱ्या दोन पट्ट्यांवर उभे असेल, तर दर चौरस सेंटिमीटरवर सरासरी चारशे ग्रॅमही भार पडत नाही. चालताना एका पायावर तोललेला माणूसही साधारण तेवढाच भार टाकतो. बकेट भरली की भार पुढच्या टोकाकडे सरकतो, हे मात्र विसरू नये. या हलकेपणामुळे वाफसा येण्याआधीच, म्हणजे माती कामाजोगी सुकण्याआधीच, यंत्र रानात घालण्याचा मोह होतो. पण ओल्या काळ्या मातीत जागच्या जागी वळल्यास पट्टे जमीन कालवून टाकतात आणि चिकट चिखल पट्ट्यांत गच्च भरतो. मागेपुढे करत, मोठ्या घेराने वळणे रानालाही बरे आणि पट्ट्यांनाही.

हाताची जाणीव गेली, तिची जागा हळूहळू कान घेतो. ओझे ताकदीबाहेर गेले की रिलीफ व्हॉल्व्ह उघडून तेल टाकीकडे परतते, त्याची तीक्ष्ण शीळ ऐकू येते आणि इंजिनचा आवाज दबतो. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याच चरावर बकेटचे पाते मातीत गाडलेल्या दगडाला अडले, तेव्हा त्या ऑपरेटरची नजर मागच्या बांधावर होती. शीळ उमटताच त्याचे मनगट आपोआप मागे आले आणि मग त्याने वळून पाहिले.