खेळणी किती न्यावीत, गोष्ट किती वेळा वाचावी : सभासद पालकांसाठी माहितीपत्रक

आमच्या खेळणी व पुस्तक वाचनालयात नाव नोंदवताना बहुतेक पालक विचारतात, की बुद्धी वाढवणारे खेळणे कोणते? असे एखादे खेळणे नसते. मुलाच्या हातात काय आहे यापेक्षा त्याला प्रतिसाद देणारे समोर कोण बसले आहे, याचा मेंदूच्या जडणघडणीवर अधिक परिणाम होतो.

जन्मतः मेंदूचे वजन प्रौढ मेंदूच्या साधारण पाव असते आणि सहाव्या वर्षापर्यंत ते ९० टक्क्यांच्या आसपास पोहोचते. याच वर्षांत चेतापेशींमध्ये प्रचंड संख्येने जोडण्या तयार होतात. ज्या वापरात राहतात त्या बळकट होतात आणि ज्या वापरल्या जात नाहीत त्या हळूहळू नाहीशा होतात. बाळ ‘बा’ म्हणते, आजी ‘बाबा होय? बाबा कामाला गेले’ असे म्हणते, बाळ पुन्हा हुंकार देते : या साध्या देवाणघेवाणीत ऐकणे, बोलणे, चेहरा वाचणे आणि आपली पाळी येईपर्यंत थांबणे या साऱ्यांच्या जोडण्या एकाच वेळी वापरात येतात.

म्हणूनच बटण दाबताच गाणारी, बोलणारी खेळणी आम्ही मोजकीच ठेवली आहेत. १० ते १६ महिन्यांच्या मुलांवर झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात असे दिसले, की अशी खेळणी समोर असताना पालक कमी बोलतात आणि मुलेही कमी आवाज काढतात. सर्वाधिक संवाद झाला तो पुस्तके पाहताना. २०१८ च्या दुसऱ्या अभ्यासात १६ ऐवजी ४ खेळणी दिल्यावर तान्हेपण नुकतेच संपलेली मुले प्रत्येक खेळण्याशी अधिक वेळ आणि अधिक तऱ्हांनी खेळली. अभ्यास ३६ मुलांचाच होता, परंतु आमचा अनुभव त्याच्याशी जुळतो आणि एका वेळी चारच खेळणी देण्याचा आमचा नियम त्यावरूनच आला आहे.

ठोकळ्यांमुळे आकार आणि अंतर यांची जाण वाढते, हे सर्वांना ठाऊक आहे. भातुकलीचे महत्त्व मात्र अनेकांच्या लक्षात येत नाही. ‘मी दुकानदार, तू गिऱ्हाईक’ असे ठरले की मुलाला आपली भूमिका लक्षात ठेवावी लागते, मनात आलेली दुसरी गोष्ट आवरावी लागते आणि समोरच्याचे म्हणणे ऐकून पुढचे ठरवावे लागते. ही कामे कपाळामागच्या ज्या भागाकडे असतात, तो पक्व व्हायला विशीचा मध्य उजाडतो. भातुकली मुलींचीच, ही समजूत कृपया बाजूला ठेवावी. खरे तर ती आमच्याकडून नेण्यापेक्षा तुळशीबागेतून विकतच घ्यावी, कारण ती वर्षानुवर्षे लागते.

आता पुस्तकांविषयी. बोलणे मूल ऐकून शिकते, वाचणे मात्र शिकवावे लागते, कारण मेंदूत वाचनासाठी जन्मजात वेगळी जागा नसते. डाव्या बाजूचा दृष्टीशी संबंधित एक भाग सरावाने अक्षरे ओळखू लागतो. तीन वर्षांच्या मुलाला अक्षरे गिरवायला बसवण्याची घाई म्हणूनच आम्हाला पटत नाही. या वयात गोष्टी ऐकून जमणारा शब्दसाठाच पुढे वाचलेले समजण्यासाठी कामी येतो. मूल महिनाभर एकच पुस्तक मागत असेल, तर ते बदलू नये : तीन वर्षांच्या मुलांना वेगवेगळ्या गोष्टींपेक्षा त्याच गोष्टी पुन्हा ऐकताना नवे शब्द अधिक चांगले लक्षात राहिल्याचे संशोधनात दिसले आहे. त्यासाठी पुस्तकाची मुदत आम्ही कितीही वेळा विनाशुल्क वाढवून देतो. वाचताना मध्येच थांबावे, ‘आता मनीमाऊ कुठे जाईल?’ असे विचारावे आणि उत्तराला अवधी द्यावा. शाळा इंग्रजी माध्यमाची असली तरी ज्या भाषेत आपण सहज बोलता, त्याच भाषेत वाचावे. आजोबांनी तोंडी सांगितलेली गोष्टही तितकीच मोलाची आहे.

मोबाइलवरील गोष्टींबाबत जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत : दोन वर्षांच्या आतील बाळाला पडदा नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास. दोन वर्षे पूर्ण होऊनही मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर खेळणी बदलत न बसता बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

तीन वर्षांखालील मुलांसाठी सुटे, बारीक भाग असलेली खेळणी आम्ही देत नाही. पुठ्ठ्याची पुस्तके या वयात चावली जाणारच. त्यांची भरपाई घेतली जात नाही.