शिक्षणविषयक भित्तिचित्र (विद्यापीठ परिसर, कोल्हापूर)

शिकणे, ज्ञान आणि विद्यार्थी यांविषयीचा आशय प्रतीकांतून मांडणारे, विद्यापीठाच्या किंवा महाविद्यालयाच्या आवारातील उघड्या भिंतीवरचे मोठे चित्र. हे वाळलेल्या सिमेंट गिलाव्यावर, बाहेरच्या कामासाठीच्या अ‍ॅक्रिलिक इमल्शनने रंगवतात. ओल्या चुन्यावरच्या जुन्या भित्तिचित्रांचे तंत्र वेगळे.

कोल्हापूरला मोठ्या चित्राची सवय आहे. बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) चित्रपटांकडे वळण्याआधी नाटकांचे पडदे रंगवत, आणि दुरून वाचता येणाऱ्या चित्राची मांडणी त्या पडद्यांवरून आजही शिकण्यासारखी आहे. आशयही इथे बाहेरून आणावा लागत नाही. राजर्षी शाहूंनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी बोर्डिंगे उभारली आणि १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. शिवाजी विद्यापीठ १९६२ मध्ये स्थापन झाले. त्यामुळे कुठेही खपून जाणाऱ्या बल्ब आणि पदवीच्या टोपीपेक्षा बोर्डिंगला निघालेल्या मुलाची ट्रंक किंवा धूळपाटी (धूळ पसरून बोटाने अक्षरे गिरवायची फळी) इथल्या पाहणाऱ्याला लवकर कळते.

धूळपाटी रंगवताना अक्षर वरून काढू नये. आधी फळीचा गडद तपकिरी थर द्यावा, त्यावर धुळीचा फिका थर, आणि तो ओला असतानाच कापड गुंडाळलेल्या बोटाने ‘श्री’ ओढावा. खालची फळी दिसते, कडेला धुळीची बारीक वरंबी राहते. ब्रशने ती येत नाही. उन्हात हा थर काही मिनिटांत वाळतो, म्हणून हे काम सकाळीच उरकतात.

मुख्य प्रतीक एकच असावे. पुस्तक, दिवा, झाड, पक्षी, शिडी असे सगळे एका भिंतीवर कोंबले की रस्त्यावरून नुसते ठिपके दिसतात.

भिंतीची निवड चुकली तर पुढचे सगळे वाया जाते. पावसाळ्यात झड पश्चिम-नैर्ऋत्येकडून येते, म्हणून पूर्वेची किंवा उत्तरेची भिंत बरी. मागे मातीचा भराव असलेली भिंत घेऊच नये. ओल मागून येते, खार फुटतो आणि रंगाचे पोपडे निघतात. नवा गिलावा किमान २८ दिवस मुरू द्यावा. ओल तपासायला दीड फुटाचा चौकोनी प्लॅस्टिकचा कागद चारही कडांनी चिकटवून रात्रभर ठेवतात. सकाळी आतून दव दिसले तर थांबावे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा हंगाम सर्वांत सोयीचा.

४० × १२ फूट, म्हणजे ४८० चौरस फुटांच्या भिंतीला एका हातासाठी साधारण ५ लिटर प्रायमर आणि दोन हातांसाठी सुमारे १० लिटर रंग लागतो. दुरुस्तीसाठी २-३ लिटर जास्तीचा ठेवावा. भेगा बाहेरच्या कामाच्या सिमेंट पुट्टीने भराव्यात. प्लॅस्टर ऑफ पॅरिस पाणी पिते आणि पहिल्याच पावसात सुटते. कागदावर १ इंचाला १ फूट असे मूळ चित्र काढून, खडूची पूड लावलेली दोरी मारून भिंतीवर फुटाफुटाचे चौकोन पाडतात. आराखडाही खडूनेच काढावा. मार्करची रेघ फिक्या रंगातून वर फुटते. परांचीवर उभे राहून प्रमाण कळत नाही. दर तासाला खाली उतरून, शंभर पावले मागे जाऊन पाहावे लागते.

जमिनीलगतचे तीन फूट गडद आणि साधे ठेवतात. तिथे चिखल उडतो, दुचाक्या टेकतात, पाठी घासतात. चेहरा किंवा अक्षर त्या पट्ट्यात आणणे म्हणजे ते गमावणेच. गुलाबी, जांभळा आणि भडक पिवळा उन्हात आधी विटतात, गेरूच्या जातीचे मातकट रंग टिकतात.

हाताने मिसळलेली छटा पुन्हा तंतोतंत जुळत नाही. म्हणून प्रत्येक मिश्रणाचे प्रमाण लिहून ठेवावे आणि अर्धा लिटर रंग घट्ट झाकणाच्या डब्यात सावलीत राखून ठेवावा.